कुरण, माळ की गवताळ प्रदेश?

राजारामपुरीकर: बंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या गवतावरचा लेख मराठीत करतेय. तिथं फिल्मसिटीचा प्रस्ताव आला होता, लोकांनी विरोध केला. मी 'कुरण' लिहिलं. आत्या म्हणाल्या, "कुरण न्हवं बाई, माळ. कुरण राखावं लागतंय, माळ आपसूक असतोय." तुम्ही काय लिहाल?

भूगोलवाला: 'गवताळ प्रदेश'. शाळेपासून सगळ्यांना माहीत आहे.

सागरमाळ: त्या शब्दानं प्रेअरी आणि स्टेप आठवतात, आपल्या दारचा माळ आठवत नाही. माझ्या पत्त्यात अजून 'माळ' आहे, जमिनीवर नुसती घरं.

कागलचा भाऊ: आत्या बरोबर हाईत. गवत राखून कापायचं ते कुरण. गावाची जनावरं चरायची ते गायरान. माळ निराळा.

निपाणीची लेक: कन्नडमध्ये हुल्लुगावलु म्हणतात. हुल्लु म्हणजे गवत, कावलु म्हणजे राखण. म्हैसूरकडं अमृतमहाल जातीच्या गुरांसाठी राखलेल्या जागा त्या कावलच. शब्दातच राखण आहे, मग 'कुरण' का नको? शिवाय कुरि म्हणजे मेंढी. कुरण त्यावरूनच आलं असणार.

भूगोलवाला: आवाज जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. आधार द्या.

निपाणीची लेक: आमच्या घरी मेंढरं होती, हाच माझा आधार.

सागरमाळ: काहीही लिहा, 'पडीक' तेवढं लिहू नका. कागदावर माळ पडीक झाला की प्लॉट पाडायला कुणाची हरकत राहत नाही. झाडं लावणारेही पुण्य म्हणून तिथंच खड्डे काढतात. टिटवी, चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात, त्यांनी जायचं कुठं? कोल्हापूर संस्थानात काळविटांमागं चित्ते सोडायचे. ते धावले ते माळावरच, जंगलात नाही.

कागलचा भाऊ: चित्तेवान घोड्यागाडीवर चित्ता न्यायचे, डोळ्यावर पट्टी बांधून. आजा सांगायचा. माळावर गेलं की धोतराचा काठ गवताच्या कुसळांनी भरायचा, संध्याकाळी आजी एकेक उपटत बसायची.

राजारामपुरीकर: लेख उद्या द्यायचाय. कुरण की माळ?

निपाणीची लेक: भाऊ, कुसळाला थुंकी लावून बघितलीय का? तळहातावर ठेवलं की आपोआप फिरायला लागतं.

कागलचा भाऊ: व्हय! तसंच फिरत फिरत बी मातीत शिरतंय.