मदत हवी आहे : इंग्रजी वाक्यात ‘हॅड’ नेमका कुठे लिहावा?

शिवारवाट
उद्या दुपारपर्यंत एक इंग्रजी पत्र पाठवायचे आहे आणि त्यातल्या एका वाक्यातील ‘हॅड’पाशी मी दोन दिवस अडलो आहे. कार्यालयातील एक सहकारी म्हणतात की ‘हॅड’ काढून टाका; दुसरे म्हणतात की तो राहू द्या, फक्त त्याची जागा बदला. व्याकरणाचा संपूर्ण धडा नको आहे. ‘हॅड’ला लागूनच क्रियापद लिहायचे की मध्ये दुसरा शब्द आणायचा, एवढेच कृपया लवकर सांगावे.

मोगरा७
वाक्य दिल्याशिवाय याचे उत्तर देता येणार नाही. दोन्ही रचना इंग्रजीत चालतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. मूळ वाक्य आणि त्यातून तुम्हाला काय सांगायचे आहे, ते मराठीत लिहा.

कोकणकडा
वाक्याची गरज नाही, नियम सरळ आहे. भूतकाळातील दोन घटनांपैकी जी आधी घडली, तिच्यासाठी ‘हॅड’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप वापरतात. ‘आम्ही स्थानकावर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ याचे इंग्रजी ‘द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन वी रीच्ड द स्टेशन’ असे होते. मी अनेक वर्षे शिकवण्या घेतो आणि विद्यार्थ्यांना हेच सांगतो : ‘हॅड’ला चिकटून क्रियापद.

ओवी
या निमित्ताने एक महत्त्वाची चूक सांगते. आपल्याकडे सर्रास ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ असे म्हणतात, ते चुकीचे आहे. मालकी, नाते किंवा आजार सांगताना ‘हॅव’ला ‘आयएनजी’ लागत नाही. जेवण किंवा चहा घेणे चालू असेल, तर मात्र ‘आय अॅम हॅविंग लंच’ हे अगदी बरोबर आहे.

शिवारवाट
ओवीताई, माझ्या पत्रात भाऊही नाहीत आणि जेवणही नाही. वाक्य असे आहे : ‘आय हॅड रिपेअर्ड द ब्रेक्स इन मार्च.’ मला म्हणायचे आहे की मी मार्चमध्ये ब्रेक दुरुस्त केले होते. यात चूक काय आहे?

मोगरा७
ब्रेक कोणी दुरुस्त केले? तुम्ही स्वतः की गॅरेजवाल्याने?

शिवारवाट
अर्थातच गॅरेजमध्ये केले. माझ्या घरी साधा पानाही नाही. दुचाकीला जूनमध्ये अपघात झाला, त्याच्या विम्याच्या दाव्यासाठी हे पत्र आहे. पहिल्या पत्रात हेच वाक्य होते, तेव्हा विमा कंपनीने उलट विचारले की दुरुस्ती तुम्ही स्वतः केली होती का, आणि तशी केली असल्यास ती कोणत्या अधिकृत ठिकाणी तपासून घेतली. मी असे काही लिहिलेच नव्हते.

मोगरा७
हेच तुम्ही आधी सांगायला हवे होते, कारण तुमच्या वाक्याचा इंग्रजीत अर्थ तोच होतो. ‘आय हॅड रिपेअर्ड द ब्रेक्स’ म्हणजे दुरुस्ती करणारे हात तुमचे. ‘आय हॅड द ब्रेक्स रिपेअर्ड’ म्हणजे तुम्ही ती दुसऱ्याकडून करून घेतली. शब्द तेच आहेत; ‘ब्रेक्स’ मध्ये आला की काम करणारा बदलतो. मराठीत आपण ‘मी केस कापले’, ‘मी घराला रंग दिला’, ‘मी गेल्या वर्षी घर बांधले’ असे बिनदिक्कत म्हणतो आणि न्हावी, रंगारी, गवंडी ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असतात. ‘करून घेतले’ हा नेमका प्रयोग आपल्याकडे आहे, परंतु रोजच्या बोलण्यात तो आपण गाळतो आणि इंग्रजी लिहिताना ती सवय बरोबर नेतो. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटते की तुम्हीच आरशासमोर कात्री घेऊन बसला होता.

कोकणकडा
जागेचा मुद्दा मान्य आहे, पण माझा नियम चुकला नाही. अपघात जूनमध्ये, दुरुस्ती मार्चमध्ये. म्हणजे दुरुस्ती आधीची घटना झाली. तेव्हा ‘आय हॅड हॅड द ब्रेक्स रिपेअर्ड’ असे लिहावे. दोन ‘हॅड’ पाहून घाबरू नये.

मोगरा७
ते वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, परंतु येथे अनावश्यक आहे. ‘मार्चमध्ये’ असे स्पष्ट लिहिले असताना साधा भूतकाळ पुरतो. आपली खरी अडचण ‘होते’ या शब्दाची आहे. ‘मी काल बाजारात गेलो होतो’ यात आपल्याला आधीची-नंतरची घटना सांगायची नसते, तरीही ‘होतो’ दिसला की आपण ‘आय हॅड गॉन टू द मार्केट यस्टरडे’ लिहितो. तेथे ‘आय वेन्ट’ पुरेसे असते.

पारंबी
‘गॉट’ वापरा. ‘आय गॉट द ब्रेक्स रिपेअर्ड’ सर्वांना कळते. मी परदेशी ग्राहकांशी रोज बोलतो आणि हेच वापरतो.

ओवी
बोलताना ‘गॉट’ उत्तम आहे, दाव्याच्या पत्रात ‘हॅड’ अधिक शोभतो. मात्र या रचनेत दरवेळी ‘करून घेणे’ असा अर्थ निघत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ‘ही हॅड हिज वॉलेट स्टोलन’ म्हणजे त्याने पाकीट चोरवून घेतले असे नव्हे, तर त्याचे पाकीट चोरीला गेले. सोसावे लागलेले नुकसानही इंग्रजी याच साच्यात सांगते.

वाळवंट
या साच्याचा इतिहास पाहिला की जागेचे महत्त्व पटते. ‘हॅव’चा मूळ अर्थ जवळ असणे. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेल्या अवस्थेत आहे’ अशा धाटणीची रचना होती. तिच्यातूनच पुढे ‘मी पत्र लिहिले आहे’ हा पूर्ण काळ तयार झाला आणि त्याचे क्रियापद ‘हॅव’च्या शेजारी स्थिरावले. वस्तू मध्ये राहिली की ती कोणत्या अवस्थेत आणली गेली, हा अर्थ आजही टिकून आहे.

पारंबी
इतिहासाने दावा मंजूर होणार नाही. ‘द ब्रेक्स वेअर रिपेअर्ड’ लिहा, म्हणजे कर्त्याचा प्रश्नच उरणार नाही.

मोगरा७
तेथे कर्ता लपवला, तर कंपनी पुन्हा तोच प्रश्न विचारेल. त्यांना कोणी केले हेच हवे आहे, म्हणून शेवटी ‘अॅट’ लिहून गॅरेजचे नाव आणि बिलावरील तारीख द्यावी.

शिवारवाट
समजले. ‘आय हॅड द ब्रेक्स रिपेअर्ड’ असे लिहून गॅरेजचे नाव आणि तारीख जोडतो. बिल आताच कपाटातून काढले. त्यावर ‘ब्रेक शू नवीन, पुढे-मागे’ असे लिहिले आहे. ‘रिपेअर्ड’ चालेल ना?

मोगरा७
नाही. नवीन बसवले असतील, तर ‘आय हॅड द ब्रेक शूज रिप्लेस्ड’ असे लिहा. पत्र आणि बिल यांत एकच गोष्ट दिसली पाहिजे.