मार्केटयार्डातून सहा घरांची भाजी: कधी जावं, किती घ्यावी?

बिबवेवाडीकर: सोसायटीतली सहा घरं मिळून आठवड्याची भाजी पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केटयार्डातून आणायचं ठरतंय. कांदा, बटाटा, टोमॅटो, पालेभाजी, मिरची, आलं. घाऊक गाळ्यावर आपल्याला माल देतात का? रविवार बरा की मधला वार? आणि माल बघायचा कसा?

पट्टी_बघा: देतात, पण अख्खा नग उचलावा लागतो. टोमॅटोचा क्रेट साधारण 20 किलोचा, कांद्या-बटाट्याची गोणी 50 किलोच्या आसपास. "दोन किलो काढून द्या" म्हटलंत तर कुणी मान वर करून बघणारही नाही. भाव 10 किलोचा सांगतात. "दोनशे" ऐकून दचकू नका, किलोला 20 झाले. पालेभाजीचा भाव शेकड्यावर, म्हणजे 800 ला जुडी 8 रुपयांना पडते.

सौदा व्हायच्या आधीच विचारा, हमाली, तोलाई (वजन करायचे पैसे), आडत (आडत्याचं कमिशन) धरून का? 2016 पासून फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) न कापता खरेदीदाराकडून घेतात. त्यामुळे बोललेला भाव आणि हातात पडलेलं बिल यात फरक दिसतो, आणि भांडणं तिथेच होतात.

शनिवारी भाजी विभागाला सुट्टी, म्हणून रविवारी आवक दांडगी. गर्दीही तशीच. टेम्पोंच्या रांगेत गाडी अडकवण्यापेक्षा मधला वार धरा. पहाटे माल चोख पण भाव ताठ. ऊन चढलं की उरलेला माल मोकळा करायची घाई असते, तेव्हा घासाघीस चालते. पालेभाजीला मात्र हा हिशेब लावू नका.

जुडी_सोडून_बघा: पालेभाजीबद्दल सहमत. ढिगातली कोथिंबीर, मेथी आतून तापते. जुडीच्या मधोमध बोटं घाला. उबदार, चिकट लागली किंवा आतली पानं पिवळी असली तर ती संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही, वरून कितीही पाणी मारलेलं असो.

कांद्याची मान बघा: बारीक आणि कोरडी हवी. जाड, ओलसर मानेचा कांदा तिथूनच सडतो. साठवायचा असेल तर उन्हाळी कांदाच घ्या. खरिपाचा लाल कांदा गोणीभर घेणं म्हणजे पैसे कुजवणं. बटाट्यावर हिरवी झाक नको, आणि कांद्या-बटाट्याच्या गोण्या शेजारी ठेवू नका.

टोमॅटोच्या क्रेटमध्ये वरचा थर नेहमीच देखणा. हात खाली घालून तळ चाचपा, ओल लागली तर क्रेट सोडा. लाल आणि गुलाबी-हिरवट असा मिसळ माल घ्या. हिरवट फळं फ्रिजमध्ये टाकू नका, नीट पिकत नाहीत.

हिशोबी: थोडं उलट बोलतो. 10 किलोला 250 भावाने 20 किलोचा क्रेट 500 ला पडला, वर हमाली वगैरे समजा 30. दोन किलो दबलेले निघाले तर 18 किलोला 530, म्हणजे किलोला साडेएकोणतीस. पेट्रोल वेगळंच! दारावर 35 ने मिळत असेल तर कशाला ही यातायात? फायदा कांद्या-बटाट्यात आहे, कारण नासाडी कमी आणि एक फेरी तीन आठवडे पुरते. सहा घरांना गोणी म्हणजे घरटी आठ किलो. मिरची-आलं घाऊक घेऊच नका. ते शेतकरी आठवडे बाजारातून पाव-अर्धा किलो आणा.

बिबवेवाडीकर: म्हणजे टोमॅटो घेतलाच तर दर आठवड्याला, आणि कांदा-बटाटा तीन आठवड्यांनी. वजनाची खात्री कशी करायची?

पट्टी_बघा: गोणी तुमच्यासमोर काट्यावर चढवायला सांगा. बारदानाचं (रिकाम्या गोणीचं) वजन वजा केलंय का, क्रेटचं केलंय का, तेही विचारा. बाहेरच्या किरकोळ काट्यावर शंका आली तर मिठाची एक किलोची बंद पिशवी सोबत ठेवा. काटा किलोच्या खाली दाखवत असेल तर दुसरीकडे वळा. रिकामी पोती घेऊन जा, क्रेट परत द्यावा लागतो.