कॉकनी कोणाला म्हणायचं? घंटा ऐकणाऱ्याला की बोली बोलणाऱ्याला?

पूर्वकिनारा:
लंडनच्या चीपसाइडमधल्या सेंट मेरी-ले-बो चर्चच्या घंटा ऐकू येतील इतक्या अंतरात जन्मला तो कॉकनी, ही व्याख्या १६१७ पासून छापील सापडते. मला ती आता कालबाह्य वाटते. मे १९४१च्या बॉम्बहल्ल्यात त्या घंटा कोसळल्या, त्या पुन्हा वाजल्या थेट १९६१मध्ये. मग मधल्या वीस वर्षांत ईस्ट एंडात, म्हणजे पूर्व लंडनच्या कष्टकरी वस्तीत, जन्मलेली पोरं कोण? कॉकनी ओळखावा तो जिभेवरून. व्हाइटचॅपलच्या बाजारातला आमचा फळवाला ‘हाफ’ला ‘आफ’ म्हणतो, ‘थ्री’चं ‘फ्री’ करतो, ‘बॉटल’मधला ट घशातच ठेवतो. त्याला जन्मदाखला कशाला मागायचा?

सांजवात:
नाही पटलं. चार महिने शिकून तसं बोलणारा नटही मग कॉकनी? या शब्दाचा मूळ अर्थ कोंबड्याचं अंडं, म्हणजे वेडंविद्रं अंडं. पुढे लाडावलेलं पोर, मग शहरी माणसाला हिणवायचं नाव. तेच नाव गोदीकामगारांनी, हातगाडीवाल्यांनी अभिमानानं लावलं. ते कष्टकऱ्यांचं नाव आहे, उच्चारांचं नव्हे.

पूर्वकिनारा:
नटाचं मान्य. पण ते कष्टकरीच तिथून हलले ना! युद्धानंतर कितीतरी कुटुंबं एसेक्सला, बॅसिल्डनसारख्या नव्या शहरांत गेली. माझ्या सहकाऱ्याची आई बॅसिल्डनमध्येच जन्मली. बोच्या घंटा तिनं कधी ऐकल्या नाहीत, पण जिन्याला ‘ॲपल्स’ म्हणते. ‘ॲपल्स अँड पेअर्स’चं ‘स्टेअर्स’शी यमक, आणि बोलताना यमकाचा शब्दच गाळायचा. ही सवय घरातूनच येते.

ओसरी:
तुमच्या दोघांच्या बोलण्यात ईस्ट एंडातली ब्रिक लेन ही गल्ली राहिलीच. तिथली मशीद १७४३मध्ये ह्यूगनॉट म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासितांचं चर्च म्हणून बांधली गेली, १८९८मध्ये ज्यूंचं सिनेगॉग झाली, १९७६पासून मशीद आहे. आज त्या गल्लीत वाढणारी सिल्हेटी (बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या) घरांतली मुलं बरेचदा ‘ह’ स्वच्छ उच्चारतात. भाषाशास्त्रज्ञ त्या नव्या बोलीला मल्टिकल्चरल लंडन इंग्लिश म्हणतात. पूर्वकिनारा, तुमच्या कसोटीनं ही मुलं बाहेर पडतात आणि बॅसिल्डनच्या त्या बाई आत येतात. हे मला मुळीच मंजूर नाही.

पूर्वकिनारा:
इथे मी अडलो, खरं सांगतो. कॉकनीतला ‘पाल’ म्हणजे दोस्त, तो रोमा भटक्यांच्या रोमानी भाषेतल्या ‘भाऊ’ या अर्थाच्या शब्दावरून आला, ‘डेको’ म्हणजे नजर टाकणं, तो हिंदुस्थानातून परतलेल्या सैनिकांच्या ‘देखो’वरून. उसन्या शब्दांवर पोसलेल्या बोलीनं या मुलांना परकं ठरवू नये. तरी त्यांच्यावर नाव लादणंही बरं नाही. त्यांनी लावलं तर ते त्यांचंच.

सांजवात:
म्हणजे कसोटी बोलीची राहिलीच नाही. मी पहिल्यापासून हेच म्हणतेय.