प्रतिसाद: कोर्स वॉक नक्की करा
तुम्ही विचारलंत की शो जंपिंगच्या (घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या) पहिल्याच शोमधे कोर्स वॉकला, म्हणजे आधी मैदानात पायी फिरून जंपमधली अंतरं मोजायला, एवढा वेळ द्यावा का, तर हो, नक्की द्या. कँटरमधे (मध्यम दौडीत) घोड्याची एक स्ट्राइड (एक ढांग) साधारण 12 फूट, म्हणजे आपली 3 फुटांची चार पावलं, शिवाय उतरायला दोन आणि पुढच्या टेकऑफला (उडी घ्यायला) दोन पावलं धरायची, म्हणजे दोन जंपमधे 24 फूट असतील तर मधे एकच स्ट्राइड बसते. मी गेल्या वेळी हे नीट मोजलं नाही, घोडी सहाव्या जंपच्या फार जवळ गेली, मागचा खूर टक्कन लागला, दांडी क्षणभर हलली आणि पडलीच, 4 फॉल्ट (दंडाचे गुण). तिची काहीच चूक नव्हती हो, त्याचंच जास्त वाईट वाटलं. बाहेर येऊन आधी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल केला, श्वास शांत होईपर्यंत तिला चालवत राहिले. निकाल नंतर बघितला.