शब्दचर्चा : ‘जाझ मनूश’ आणि जँगो राइनहार्ट

गिटारवादक जँगो राइनहार्टच्या संगीताला मराठी लेखांत बहुधा ‘जिप्सी जाझ’ म्हटले जाते. फ्रान्समध्ये मात्र ‘जाझ मनूश’ ही संज्ञा रूढ आहे आणि माझ्या मते मराठीने तीच स्वीकारावी. ‘जिप्सी’ हे नाव, रोमा लोक इजिप्तमधून आले अशा गैरसमजातून, इतरांनी चिकटवलेले आहे. ‘मनूश’ हा मात्र त्यांच्याच रोमानी भाषेतला शब्द असून, ती भाषा भारतीय-आर्य कुळातली असल्यामुळे त्याचे मूळ संस्कृत ‘मानुष’पर्यंत, म्हणजे आपल्या ‘माणूस’च्याच घराण्यात जाते. जँगोचा जन्म १९१० साली बेल्जियममधील लिबरशी येथे याच मनूश नावाच्या रोमा समाजात झाला. त्याचे कागदोपत्री नाव जाँ होते. ‘जँगो’ या टोपणनावाचा संबंध जागे होण्याच्या रोमानी क्रियापदाशी लावला जातो. ‘जागणे’ आपल्याला लगेच आठवते, पण टोपणनावांच्या व्युत्पत्तीवर फार भिस्त ठेवू नये.

दुसरा मुद्दा क्रियापदाचा. ‘आगीत त्याने दोन बोटे गमावली’ असे सर्रास लिहिले जाते, ते चुकीचे आहे. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, तीत डावा हात भाजून अनामिका आणि करंगळी आखडली. ती तुटली नाहीत. एकल वादन तो मुख्यतः तर्जनी आणि मध्यमेने करी, पण काही स्वरसंघांत (कॉर्डमध्ये) आखडलेली बोटेही वरच्या तारांवर टेकवी. ‘गमावली’ म्हटले की त्याच्या वादनातली ही बारीक गोष्टच नाहीशी होते.

तिसरा मुद्दा ‘ला पोंप’चा, म्हणजे जाझ मनूशमधल्या गिटारीवरच्या तालसाथीच्या पद्धतीचा. तिच्यासाठी ‘ठेका’ हा शब्द चालेल का, याचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे. १९३४ साली पॅरिसमध्ये उभ्या राहिलेल्या जँगोच्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या संचात, स्तेफान ग्रापेलीचे व्हायोलिन, तीन गिटारी आणि डबल बास एवढीच वाद्ये होती, ड्रम नव्हते. त्यामुळे साथीच्या दोन गिटारींवर तालाची सारी जबाबदारी पडे : मात्रेमात्रेला तारा छेडायच्या आणि डाव्या हाताचा दाब लगेच सैल करून नाद तोडायचा, विशेषतः दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. ठेक्यात ताल येतो. इथे त्याच आघातातून स्वरसंघही बदलत जातो. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘ला पोंप, म्हणजे गिटारीवरचा ठेका’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘ला पोंप’.