मुलांची तस्करी : बापाला आरोपी करायचं की साक्षीदार?

रानवाट :
"खेड्यातले आईबापच पोरं विकतात. आधी त्यांना आत टाका, तस्करी आपोआप थांबेल." काल इथं एकानं हे लिहिलं आणि खाली भराभर 'सहमत' पडले. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

दलाल गावात परका म्हणून येत नाही. तो सोयऱ्यातला असतो, नाहीतर पूर्वी स्वतःच शहरात कामाला गेलेला गल्लीतला पोरगा. कुणाच्या घरी दुखणं आहे, कुणाचं पीक गेलंय, कुणामागे सावकार लागलाय, सगळं त्याला ठाऊक. तो उचल देतो, "काम शिकेल, दोन वेळ पोटभर जेवेल" म्हणतो. सुरुवातीला पैसे येतात, मग फोन लागेनासा होतो. मुंबईच्या जरी कारखान्यांत बिहारची मुलं अशीच आली. जयपूरला लाखेच्या बांगड्या करणारी गयेकडची मुलंही. कोंदट खोलीत शेगडीवर लाख तापवायची आणि ती गरम असतानाच एकेक खडा बोटानं दाबून बसवायचा. बोटांची कातडी जाते. पळून जाऊ नये म्हणून दाराला बाहेरून कुलूप. हे बापाला सांगून नेलं होतं का?

सडेतोड :
गरिबी आमच्याही घरी होती. वडील गेल्यावर आईनं दुसऱ्यांच्या रानात खुरपून आम्हाला वाढवलं, कुणाच्या हवाली नाही केलं. बारा वर्षांचं पोर ती उचल कशी फेडणार, हे बापाला कळत नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ वाचा. अल्पवयीनाच्या तस्करीला किमान १० वर्षं. बाप म्हणून सूट नाही.

रानवाट :
वाचलंय. पण कोर्टात दलालाला ओळखणार कोण? पैसे कुणी, कुठं, काय सांगून दिले हे बापालाच माहीत. त्याला आरोपी केलंत की तो तोंड उघडणार नाही, आणि दलाल सुटून पुढच्या गावात जाईल.

फळाखडू :
दोघंही शाळा विसरलात. मूल गेलेलं सगळ्यात आधी हजेरीपटावर दिसतं. आम्ही 'स्थलांतरित' शेरा मारतो आणि विषय संपतो. कुणाबरोबर गेलं हे विचारायला वेळ कुठंय? मतदारयाद्या, सर्वेक्षणं, रोज नवी माहिती ऑनलाइन भरा. दिवाळीनंतर सातवीतला एक मुलगा आलाच नाही. वर कळवलं तर उत्तर आलं, "पट कमी दाखवू नका." बेपत्ता मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलंय. पण बेपत्ता म्हणायचं कुणी? घरचे म्हणतात, मामाकडे गेलाय.

जास्वंद :
आणि मागणी कुठून येते? १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तरी आमच्याच इमारतीत अकरा-बारा वर्षांची मुलगी मालकिणीचं बाळ कडेवर घेऊन फिरते. विचारलं तर "गावाकडची भाची आहे." ती सोफ्यावर बसत नाही, शाळेत जात नाही, मग भाची कसली?

उंबरठा :
हे अती होतंय. आमच्याकडेही गावाहून आणलेली मुलगी होती. आईनं तिला लिहायला-वाचायला शिकवलं, तिची आजारपणं काढली, लग्नात दागिने घातले. आम्हाला तस्कर म्हणणार?

जास्वंद :
पगार तिच्या हातात पडायचा? मनात आलं की घरी जाता यायचं? त्या वयात तुमच्या घरची मुलं शाळेतच जात होती ना?

उंबरठा :
माझ्या आईवर यायचं काम नाही. तिच्या गावची अवस्था मी पाहिलीय, खायचे वांधे होते.

जास्वंद :
आईबद्दल नाही, त्या मुलीबद्दल विचारलं. तिन्हींपैकी एकाचंही उत्तर आलेलं नाही. दलालही बापाला खाण्याचंच सांगतो.

पाणवठा :
तुमचं भांडण सुटकेपर्यंतच पोचतंय. मी बालगृहात काम केलंय, पुढचं सांगतो. जरीकामातून सोडवलेला एक मुलगा मांडी मोडून उठताना भिंत धरायचा. ताट वाढलं तरी हात लावायचा नाही, "जेवू का?" असं प्रत्येक वेळी विचारायचा. बालकल्याण समितीनं त्याला गावी पाठवलं. वेठबिगारीतून सुटलेल्या मुलाला २०१६च्या योजनेत २ लाख आहेत. पण मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सोडवल्याचा सरकारी दाखला, हातात पडायला हवं, आणि मोठा हिस्सा खटल्याच्या निकालाशी बांधलेला. तोवर घरी देणं तेच, दारात दलालही तोच.

सडेतोड :
ठीक आहे. साक्षीचं म्हणणं पटत नाही, पण दलाल सुटू नये म्हणून मान्य करतो. पहिल्या वेळी बाप साक्षीदार. सोडवून आणलेलं पोर त्यानं पुन्हा पाठवलं तर?

रानवाट :
तर आधी विचारा, वेठबिगारीचं कर्ज १९७६च्या कायद्यानं रद्द होतं हे त्याला कुणी सांगितलं होतं का. सांगूनही पाठवलं, तर करा आरोपी. मी आडवा येणार नाही.

फळाखडू :
आणि ते पोर शाळेत परत आलं तर वयाप्रमाणे थेट आठवीत बसवा म्हणतात. त्याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. अशा मुलांसाठी विशेष प्रशिक्षण शिक्षण हक्क कायद्यात आहे, वर्गात मी एकटा आहे. त्यावर कुणी बोलणार आहे का?