मदत हवी आहे: मांजराचं पिल्लू आणि घरातला कुत्रा

राजारामपुरीत टू बीएचके फ्लॅट, घरात मोठा लॅब्रेडॉर आणि चार वर्षांची मुलगी. मैत्रिणीकडून दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय. जंतांचं औषध आणि तिहेरी लसीचा पहिला डोस झालाय. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. सध्या ते वेगळ्या खोलीत आहे. दोघांची अंथरुणं बदलून वासाची ओळख करून दिली. पण जाळीच्या दाराशी आणलं की कुत्रा ताठ उभा राहून नुसती टक लावतो. चिकनचा तुकडा नाकाशी धरला तरी मान वळवत नाही. भुंकला असता तर परवडलं असतं! पिल्लू पाठीची कमान करून फिस्कारतं, आणि लेक दार उघडायला टपलेलीच. कायमचं वेगळं ठेवणं जमणार नाही. ही टक कुतूहलाची की शिकारीची, कसं ओळखायचं? पट्टा लावून एकाच खोलीत आणायची घाई आत्ताच करावी का?